ढेकीचा बाक

आमच्या घरी ढेकी होती तोवर माझा उजवा गुडघा वाकत होता आणि सरळही होत होता. ढेकी गेली आणि मागोमाग गुडघा गेला. हे तेव्हा मला कळलं नाही, माझ्या मायला कळलं नाही, बाबूजींना तर नाहीच नाही. कळलं ते आता, सारा जन्म लंगडत काढल्यावर, आणि आता कळून त्याचा काही उपयोग नाही. तरी लिहून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले, अक्षर वाईट आहे, पण सून वाचून अर्थ लावून घेते. आमच्या घरात पोवारी बोली चालायची, शेतात झाडी बोली, बाजारात हिंदी. ते सगळं जसंच्या तसं लिहिलं तर वाचणारा पळून जाईल, म्हणून घरच्यांनाही इथे मी झाडीच बोलायला लावलं आहे.

आमचं गाव आमगावच्या पलीकडे. पुढे अंगण, मग सपरी म्हणजे पडवी, मग दोन खोल्या, आणि मागच्या सपरीत ढेकी. ती आता कोणी पाहिली नसेल म्हणून सांगते. माणसापेक्षा लांब असं एक जाड लाकूड, मधे आडव्या दांड्यावर तोललेलं. एका टोकाला खाली तोंड करून मुसळ बसवलेलं, मुसळाच्या तोंडाला लोखंडी कडं, आणि त्याखाली जमिनीत पुरलेलं उखळ. दुसऱ्या टोकावर पाय देऊन दाबलं की मुसळ वर जातं, पाय सोडला की ते उखळातल्या धानावर आदळतं. दाबणारीने एका पायावर उभं राहायचं आणि वरून बांधलेला दोर धरायचा. दुसरी बाई उखळाजवळ बसते आणि मुसळ वर असेल तेवढ्यात हाताने धान फिरवते. म्हणजे बसणारीचा हात दाबणारीच्या पायाच्या भरवशावर असतो. आमचं लाकूड बिजाच्या झाडाचं होतं, आजोबांनी जंगलातून आणलेलं, पाय लागून लागून त्या टोकाला खळगा पडला होता. त्या ढेकीच्या आवाजाने आमच्या घराचा दिवस चालायचा. आवाज थांबला की म्हैस मान वर करून बघायची, कारण आता कोंडा मिळणार हे तिला कळायचं.

गुडघा दुखावला तो रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत. त्या साली मी पहिल्यांदा बायकांच्या ओळीत उभी राहिले होते. त्याआधी मी लहान पोरींसारखी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या चिखलात फेकायची. ओळीत उभं राहणं म्हणजे मोठं होणं. शाळा मला कधी आवडली नाही, चौथी झाली तेव्हा सुटले असं वाटलं. पण ओळीत उभं राहायची मला फार हौस होती. तिथे बायका जे बोलत ते घरात कोणी बोलत नसे. नवऱ्यांची नक्कल, सासवांची नक्कल, आणि मधेच फगनीबाई गाणं उचलायची. फगनीबाई ही ओळीची मुख्य, गोंडाची, जंगलाकडच्या टोल्यावरून, वाडीवरून, यायची. तिचा हात इतका भरभर चालायचा की पऱ्हं लावलं की आपोआप उगवलं ते कळू नये. दुपारी धुऱ्यावर बसून भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि अंबाडीची चटणी खायची. हात कितीही धुतले तरी घासाला चिखलाचा वास यायचा आणि तो चांगला लागायचा.

रोवताना बाई पुढे जात नाही, मागे सरकते. तोंड रोवलेल्या पऱ्ह्यांकडे आणि पाठ मोकळ्या चिखलाकडे. मागे किती राहिलं हे वळून पाहायचं नसतं, पायानेच चाचपत जायचं. हे मला सांगितलेलं होतं. पण संध्याकाळ होत आली होती, कंबर दुखत होती, धुरा किती लांब आहे म्हणून मी वळून पाहिलं. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेला होता, तो तिथेच राहिला आणि अंग फिरलं. आत काहीतरी ओली फांदी पिरगळल्यासारखं झालं. मी चिखलात बसले. फगनीबाई म्हणाली, "काऊन वो कौशी, थकली का? अजून तं सासर लांब हाय." सगळ्या हसल्या. मीही हसले. उठायला गेले तर उठता आलं नाही.

गुडघा पपईएवढा सुजला. टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावलं, हळद बांधली, आमगावच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला हाड मोडलेलं नाही, पाय चालता ठेवा. चालता ठेवायला पाय टेकत होता कुठे? मोठीमायने, म्हणजे बाबूजींच्या मोठ्या भावाच्या बायकोने, माझी लाखोळी बंद केली. लाखोळी खाऊन माणसाचे पाय जातात असं तेव्हा सगळेच म्हणत. घरातले सगळे लाखोळीचं वरण खात आणि मला नुसता भात आणि तिखट. पाय चिखलाने गेला की डाळीने, याचा विचार कोणी करत नव्हतं. मला मात्र रोज जेवताना वाटायचं की पाय गेला तो गेला, वरणही गेलं.

सूज उतरली, पण पाय अर्धा वाकलेलाच राहिला. भिंत धरून चालायची. मधेच गुडघा आतून सटकायचा आणि मी खाली. धानकापणी झाली, नवं धान घरात आलं. एका दुपारी माय सपरीतून ओरडली, "कौशी, इकडे ये."

"काऊन?"

"ढेकीवर ये. मी एकटी का दाबू अन् का फिरवू?"

"माझा पाय दुखते ना माय."

"चांगल्या पायावर उभी राय. दुखऱ्यानं दाब. बसून राहशीन तं तशीच राहशीन. चिखलात उभी नाई राहू शकत ते पोरगी धानाच्या घरी कोन नेईन? बिजवर पाहावा लागन तुले, दोन लेकरांचा."

माय अशीच बोलायची. गोड बोलायला तिला वेळ नव्हता. मी दोर धरला, डाव्या पायावर उभी राहिले आणि उजवा ढेकीवर ठेवला. दाबलं. मुसळ थोडं वर गेलं. मायने उखळात हात घातला आणि म्हणाली, "धर."

मी धरलं. गुडघ्यातून कळ थेट पोटात आली. मायचा हात धानात फिरत होता, सावकाश, तिला काही घाई नव्हती. मी रडत होते. पाय सुटला असता तर मुसळ तिच्या बोटांवर पडलं असतं. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. मग हात काढला आणि म्हणाली, "सोड."

हे पुढे रोज. धर, सोड. धर, सोड. मला ती बाई वैरीण वाटायची. रडत रडत म्हटलं, "पाय सुटला मंग?" तर म्हणे, "मंग मी थोटी अन् तू लंगडी. दोघी मिरून भीक मागू." आणि पुन्हा उखळात हात. मोठीमाय सपरीच्या तोंडाशी बसून हे पाहायची. तिला मूलबाळ नव्हतं, मी तिची लाडकी. ती म्हणायची, "काय वो, लंगड्या पोरीले बैलावानी जुंपून राहिली. लोकं का म्हनतीन?" माय म्हणायची, "लोकं भात खातेत का नाई खात?"

हळूहळू पाय खालपर्यंत जायला लागला. आधी मुसळ वीतभर उचलायचं, मग पुरतं उचलायला लागलं. पौषात मी भिंत सोडली. शिमग्याला बोडीवर, गावच्या तळ्यावर, धुणं घेऊन गेले आणि परत आले. गुडघा दुखायचा, संध्याकाळी सुजायचाही, पण सरळ व्हायचा. बोडीच्या पाळीवर मला फगनीबाई भेटली. ती पाठीवर लाकडाचा भारा घेऊन चालली होती. माझ्या पायाकडे पाहून म्हणाली, "यंदा ओळीत येतेस का धुऱ्यावर बसून नवरा पाहतेस?" मी म्हटलं, "येतो." माझी जागा तिने आपल्या शेजारी ठेवीन म्हणून सांगितलं. मी घरी येताना धुण्याचं भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन जवळजवळ पळत आले. पुन्हा मी कधी पळाले नाही, म्हणून ते लक्षात आहे.

आता म्हातारपणी, मागच्या वर्षी, मी अंगणात घसरले आणि तोच गुडघा पुन्हा सुजला. मुलगा गोंदियाला घेऊन गेला. तिथे व्यायाम करून घेणारी एक पोरगी आहे, पातळ, हसरी, हिंदी बोलते. तिने मला भिंतीचा दांडा धरून डाव्या पायावर उभं केलं आणि उजव्या पायाखाली स्प्रिंगची एक फळी दिली. म्हणाली, "दादी, नीचे दबाओ. दबाके रखो. रखो, रखो... अब छोड़ो." मी दाबलं आणि माझ्या तोंडून निघालं, "धर." तिला कळलं नाही. मुलालाही कळलं नाही. मी खुर्चीवर बसले आणि त्या दिवशी पुढचा व्यायाम केला नाही. पोरगी म्हणाली, "दर्द हुआ क्या?" मी म्हटलं, "नहीं." तिने तरी बर्फ लावला.

माझे बाबूजी फार मऊ माणूस. आवाज चढवायचे नाहीत, बैलाला मारायचे नाहीत. त्यांना माझं रडणं ऐकवत नव्हतं. ढेकी सुरू झाली की ते शेतात निघून जायचे, काम असो नसो. त्यात मोठीमाय रोज सांगायची की पोरीचं हाड झिजून राहिलं, आईच तिले मारून टाकीन. शिमगा झाल्यावर आमगावात धान भरडायची गिरणी सुरू झाल्याचं कळलं. बाबूजींनी बैलबंडीत धान घातलं आणि संध्याकाळी पांढराशुभ्र तांदूळ घेऊन आले. एवढा पांढरा तांदूळ आमच्या घरात कधी शिजला नव्हता. सगळे ताटाकडे पाहत बसले. माय एक घास खाऊन म्हणाली, "याले वासच नाई."

दुसऱ्या दिवशी बाबूजींनी ढेकीला हात घातला. माय आडवी आली.

"मोडू नका म्हनतो ना. मशीले कोंडा कुठून देऊ? कोंबड्याईले का देऊ?"

"कोंडा गिरणीवरून आनीन."

"अन् हे लाकूड? तुमच्या बापानं आनलं होतं."

"लाकूड टाकून देत नाई. पोरीले बसाले बाक करतो. पुष्कळ दाबलं तिनं. आता आराम करू दे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता बस, माझी बाई."

मायने कोंड्यासाठी भांडण केलं, माझ्या गुडघ्यासाठी नाही. तिलाही माहीत नव्हतं. उगाच तिला मोठी करायची नाही. आणि मी? मला तर आनंदाने नाचावंसं वाटत होतं. मीच बाबूजींना हातोडी आणून दिली.

बाक छान झाला. बाबूजींनी लाकूड उभं चिरवून आणलं, चार पाय लावले, रंधा मारून गुळगुळीत केलं. मुसळ बसवायचं भोक मात्र तसंच राहिलं, ते बुजवता आलं नाही. मग त्यांनी एक पोतं कापलं, त्यात तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, भरली, आणि माझ्या गुडघ्याखाली ठेवायला उशी शिवली. सुई त्यांना धरता येत नव्हती, बोटं रक्ताळली. पाय त्या उशीवर वाकवून ठेवला की काहीच दुखायचं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीच दुखत नव्हतं. आता गोंदियाची पोरगी सांगते की गुडघ्याखाली उशी कधीच ठेवायची नाही, पाय तसाच आखडतो. बाबूजी जिवंत नाहीत हे बरं आहे. नाहीतर मी त्यांना सांगितलं असतं, आणि ते चांगलं झालं नसतं.

सारा उन्हाळा मी बाकावर. गिरणीच्या तांदळात खडे फार आणि कणी फार, म्हणून मांडीवर सूप दिलं. मी निवडत बसायची. मोठीमाय शेजारी बसून आंब्याच्या फोडी द्यायची, आणि आता पाय बरा होतोय म्हणून चोरून लाखोळीचं वरणही. पाणी हवं तर पाणी हातात. शेजारच्या बायकाही आपला तांदूळ आणून माझ्यापुढे ओतायला लागल्या. म्हणायच्या, कौशीचे डोळे चांगले हायत. घरात ढेकीचा आवाज नव्हता. म्हैस काही दिवस मान वर करून पाहायची, मग तिनेही सोडलं. माय कधी म्हणायची, "जराशी चालून ये वो, बोडीपर्यंत." मी म्हणायची, "बाबूजीनं बस म्हटलं." माय आपल्या कामाला लागायची. नवऱ्याच्या बोलण्यापुढे तिचं बोलणं घरात तेवढंच.

मृगाची कामं सुरू झाली तेव्हा मला उठल्यावर टाच टेकेना. मी म्हटलं बसून बसून आखडला असेल, दोन दिवसांत सुटेल. दोन दिवसांत सुटला नाही. मी कोणाला सांगितलं नाही. न्हाणीत एकटी असताना दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबायची. तो लाकडासारखा. आत जणू कोणी पाचर ठोकली होती. रात्रभर पाण्यात भिजलेल्या चामड्यासारखा कधीतरी मऊ होईल असं वाटायचं. झाला नाही.

रोवणीचा दिवस आला. मी लुगडं वर खोचलं आणि बायकांबरोबर निघाले. चालताना कडेकडेने चालले, कोणाला दिसू नये म्हणून. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, फगनीबाईने खरंच आपल्या शेजारी जागा ठेवली होती. म्हणाली, "ये, नवरी." मी डावा पाय टाकला, तो खाली गेला, ठीक. उजवा टाकला. तो वाकलेलाच चिखलात गेला आणि तळ लागेना. मी एका पायावर डुलत उभी राहिले, मग समोरच्या पऱ्ह्यांवर तोंडावर पडले. बायका हसल्या. हसण्यासारखंच होतं, मी त्यांच्या जागी असते तर हसले असते. फगनीबाईने काखेत हात घालून ओढलं. पुन्हा उभी केली. पुन्हा पडले. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. फगनीबाईने चिखलातच माझ्या गुडघ्याला हात लावून पाहिला आणि मायकडे पाहिलं.

माय ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती. ती आली नाही. तिथूनच म्हणाली, "धुऱ्यावर जाय. पेंढ्या फेक."

"माय, उद्या होईन."

"जाय म्हटलं ना."

मी हातांवर रांगत धुऱ्यावर आले. तिथे दोन लहान पोरी पेंढ्या फेकत होत्या, त्या माझ्यासाठी सरकल्या. वर्षभरापूर्वी मी जिथून उतरले होते तिथेच परत येऊन बसले. पुढचं सगळं मायने सांगितलं तसंच झालं. आमगावचा दुकानदार, बिजवर, दोन लेकरांचा. माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरी चिखल नव्हता, एवढं पाहून दिलं. तो बाक आंदणाबरोबर आला. आताही त्यावरच बसून लिहिते आहे, भोक डाव्या मांडीखाली येतं, थंडीत बोचतं. डॉक्टर म्हणतो हा पाय आता सरळ होणार नाही, आहे तेवढा जपा, रोज हालचाल ठेवा. मी ठेवते. दोर नाही म्हणून खिडकीचा गज धरते. धर, सोड. उखळात कोणाचा हात नाही, त्यामुळे लवकर सोडते.

त्या रोवणीच्या दिवशी ऊन उतरल्यावर बाबूजी नहराकडून, कालव्याकडून, आले. मी धुऱ्यावर बसलेली त्यांनी पाहिली. वळले आणि घराकडे गेले. मला वाटलं रागावले. थोड्या वेळाने परत आले तेव्हा त्यांच्या काखेत ती तणसाची उशी होती. त्यांनी धुऱ्यावरचा चिखल पायाने सारून जागा केली, माझा गुडघा उचलला आणि खाली उशी सरकवली. पाय दुखायचा थांबला. माझ्या धुऱ्यापासून नवी ओळ सुरू झाली होती. रोवणाऱ्या बायकांची तोंडं माझ्याकडे होती, सगळ्यांची, मायचंही, आणि त्या एकेक पाऊल मागे सरकत चालल्या होत्या.